बाबांच्या बोटीतला बिघाड

माझ्या नाकावर राग असतो, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. कशेळीच्या ज्या गोदामात मी काम करते तिथे गिऱ्हाइकांनी परत पाठवलेल्या वस्तू माझ्या टेबलावर येतात. मिक्सर, इस्त्र्या, टेबलफॅन, रिमोटवर चालणाऱ्या गाड्या. वस्तू उघडायची, तपासायची आणि ‘चालू’ नाहीतर ‘बंद’ अशी चिठ्ठी चिकटवून पुढे सरकवायची. दिवसभर बंद पडलेल्या वस्तूंशी झटापट केल्यावर माणसांशी गोड बोलायला अंगात त्राण उरत नाही. नवरा म्हणतो, तू माणसांनाही चिठ्ठ्या चिकटवतेस. त्याचं हे बोलणं मी हसण्यावारी न्यायचे. आता नेत नाही.

हे काम मला बाबांनी शिकवलं. भिवंडीत टेमघरला त्यांचं मोटारी बांधायचं दुकान होतं. लूमची, म्हणजे यंत्रमागाची, मोटार जळाली की कारखानदार ती हातगाडीवर घालून बाबांकडे पाठवायचे. आतली जळकी तार उपसून काढायची, बारीक तांब्याच्या तारेची नवी कॉइल भरायची, दोऱ्याने आवळायची, वार्निश पाजायचं आणि भट्टीत सुकवायचं. शाळा सुटली की मी तिथेच असायचे. बाबा कमी बोलायचे, पण बिघाड शोधताना मला शेजारी बसवून एकच गोष्ट परत परत सांगायचे. “अंदाजावर जायाचं न्हाय, बाय. येकेक वस्तू बाजूला करायची. सगल्या चांगल्या निघाल्या आन् येकच राहिली, तर ती.”

अडीच वर्षांपूर्वी त्यांनी ते दुकान अचानक बंद केलं. “धंदा न्हाय राहिला. लूम भंगारात चालल्यात.” एवढंच कारण दिलं. लूम भंगारात जात होते हे खरंच होतं, टेम्पोत रचलेले सांगाडे रोज रस्त्याला दिसायचे. पण बाबांच्या दारात मोटारी अजून येत होत्या. मी म्हटलं, गोदाम सोडते, दुकान मी बघते. ते नको म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात भट्टीसकट सगळी हत्यारं विकून मोकळे झाले. मला विचारलंसुद्धा नाही. त्यावरून मी दोन महिने त्यांच्याशी धड बोलले नाही. त्याच वर्षी आई गेली. मग बोलायला लागले, पण मनातली अढी काही गेली नाही.

आई गेल्यावर बाबा दाराकडे तोंड करून खाटेवर बसून राहायचे. मी ठाण्याला असते, रविवारी जायचे. शेजारच्या खोलीतले चाचा त्यांच्याजवळ येऊन बसत. चाचा तरुणपणी यूपीहून आलेले, सगळा जन्म लूमवर काढलेले. दोघंही फारसं न बोलता तास न् तास बोटांत सुताचा तुकडा वळत बसायचे. भिवंडीत जन्म काढलेल्या माणसाची ही खोडच असते. कपड्यांवर सूत, केसांत सूत, चहाच्या कपातही सूत. बोटांना लागलं की वळायचं, गोळी करून टाकायची आणि दुसरं घ्यायचं. इथे त्याकडे कुणी बघत नाही. मीही कधी बघितलं नाही.

एका रविवारी चाचांच्या फोनवर बाबांनी एक व्हिडिओ बघितला. कुठल्यातरी परदेशातल्या तळ्याकाठी चांगली म्हातारी माणसं रिमोट घेऊन छोट्या छोट्या बोटी चालवत होती. बाबा खाटेवर सरळ होऊन बसले. “हिच्यात मोटारच हाय ना? मग ते आपलंच काम.”

तीन महिने खपून त्यांनी प्लायवूडची दोन हात लांब बोट केली. खाडीत मच्छीमारांच्या असतात तशा घाटाची, पुढून उंच नाकाची. आतलं सामान मी आणून दिलं. एक रिमोट, त्याचा हुकूम ऐकणारा रिसीव्हर, मोटारीचा वेग सांभाळणारा कंट्रोलर आणि सर्व्हो, म्हणजे सुकाणू फिरवणारी काडेपेटीएवढी मोटार. बाबांनी मारलेलं सोल्डर मात्र बघवत नव्हतं. थेंब इकडेतिकडे सांडलेले. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं म्हणून मी सांधे नव्याने जोडले. देवळाजवळच्या तलावात बोट पहिल्यांदा सोडली तेव्हा ती तोऱ्यात निघाली, आणि बाबा हसले. आई गेल्यावर पहिल्यांदा हसले.

मग त्यांचा नेमच झाला. संध्याकाळी आंघोळ करायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि चाचांच्या हाती बोट ठेवलेला टब देऊन तलाव गाठायचा. फिरायला आलेली माणसं थांबून बघायची, विचारायची, बाबा सांगायचे. मला एक गोष्ट लख्ख कळली होती. बोट चालतेय तोवर बाबा घराबाहेर पडतील. ती बंद पडली की परत खाटेवर बसतील, आणि यावेळी उठायचे नाहीत. म्हणून ती बोट काही झालं तरी चालली पाहिजे, एवढंच मी धरून बसले.

पहिला बिघाड सोपा होता, आणि अस्सल भिवंडीचा होता. तलावाच्या मधोमध बोट ठप्प झाली. वाऱ्याने काठाला लागेपर्यंत आम्ही तिघं बघत उभे राहिलो. झाकण काढलं तर आत नुसतं सूत! लूमच्या कारखान्यात हात पुसायला, तेल टिपायला, गळती थांबवायला, सगळ्याला सुताचं वेस्ट वापरतात. बाबांनी तेच मूठमूठ घेऊन बॅटरी आणि रिसीव्हरच्या भोवती ठासून भरलं होतं. धक्का बसणार नाही आणि आत आलेलं पाणी सूत पिऊन टाकेल, हा हिशेब. सूत पाणी प्यालं होतं, आणि पिऊन ते बॅटरीच्या टोकांना आठवडेच्या आठवडे बिलगून बसलं होतं. टोकांवर हिरवा गंज चढलेला. एक तार सोलून बघितली तर आतलं तांबं पार काळं पडलेलं.

“बाबा, प्यालेलं पाणी ते सूत काय बाहेर जाऊन थुंकणार होतं?”

“मोटारीला चालतंय की,” बाबा म्हणाले, आणि मग स्वतःच हसायला लागले. चाचाही हसले. मी तारा बदलल्या, टोकांना व्हॅसलीन लावलं आणि रिसीव्हर रबरी कडेच्या जेवणाच्या डब्यात बंद केला. बोट परत पळायला लागली.

दुसऱ्या बिघाडाने मात्र माझा जीव मेटाकुटीला आणला. बोटीचं सुकाणू थरथरायला लागलं. बंद पडायचं नाही, अडकायचं नाही, नुसतं डावी-उजवीकडे बारीक बारीक हलत राहायचं. बोट सरळ जायची सोडून पाण्यावर नागमोडी रेघ काढायची. असलं सुकाणू थरथरण्याची कारणं ठरलेली असतात. रिसीव्हरला वीज कमी पडते, मोटारीच्या ठिणग्यांचा त्रास होतो, सर्व्हो आतून झिजलेला असतो, नाहीतर एखादा सांधा सैल असतो. मी बोट ठाण्याला घेऊन गेले. बॅटरी मोजली, पुरेपूर भरली. मोटार चालू ठेवून रिसीव्हरवरची वीज मोजली, ती ढळत नव्हती. तरी मोटारीच्या तोंडावर ठिणग्यांचा त्रास अडवणारे कपॅसिटर टाकले. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बोट ठेवून अर्धा तास चालवली, सुकाणू शहाण्यासारखं वागलं. रविवारी तलावावर नेली, बाबांनी रिमोट हातात घेतला, आणि परत थरथर.

मग सर्व्हो बदलला. ओट्यावर ठणठणीत, तलावावर थरथर. रिसीव्हर बदलला. तेच. सगळ्या तारा काढून नव्या ओढल्या, तेच. शेवटी आख्खा नवा रिमोट आणला. तेच! घरी चांगली आणि पाण्यात वाईट, म्हणजे पाणीच कुठूनतरी आत शिरतंय, असं मी ठरवून टाकलं. अंदाजावर गेले. दर रविवारी मी काठाशी उकिडवी बसून सुकाणूवर डोळे लावायचे. बाबा माझ्या मागे उभे राहून चालवायचे. रिमोट त्यांनी कधी दुसऱ्याच्या हाती दिला नाही, आणि मीही मागितला नाही. प्रत्येक वेळी ते विचारायचे, “आता काय बदललंस, बाय?” मी सांगायचे. ते मान डोलवायचे आणि जपून, अगदी जपून, रिमोटवरच्या छोट्या काठीवर अंगठा ठेवायचे. मोठ्या उत्सुकतेने सुकाणूकडे बघायचे.

एका रविवारी माझं डोकं फिरलं. त्या आठवड्यात गोदामात दोन शिफ्ट ओढल्या होत्या, ट्रॅफिकमध्ये दीड तास रिक्षात घुसमटून आले होते, आणि सुकाणू डोळ्यांदेखत तसंच थरथरत होतं. मी बोट उचलून बघितली. तळाच्या एका कडेला बाबांनी लावलेलं सील वेडंवाकडं होतं, मध्ये फट होती. फटीतून पाणी गेल्याची खूण नव्हती, पण मला फट पुरे झाली.

“हे असलं काम? हे तुम्ही केलंत?” मी ओरडले. “कच्चं काम करायची सवयच लागलीय तुम्हाला. मोटारीपण अशाच बांधत असाल, म्हणून दुकान बसलं. लूमना कशाला नावं ठेवता?”

आजूबाजूला रोजची फिरायला येणारी माणसं होती. ज्यांना बाबा रोज बोटीबद्दल सांगायचे तीच. ती माणसं पाण्याकडे बघायला लागली.  बाबांनी रिमोट टबात ठेवला, बाहीला लागलेला सुताचा तुकडा काढला आणि वळत बसले. चाचा मला म्हणाले, “बेटी, बस करो.” मी बस केलं नाही. घरी पोचेपर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता.

पुढच्या रविवारी मी जरा वरमून गेले होते. राग निवला की मला कामच सुचतं, माफी सुचत नाही. म्हटलं, आज पहिल्यापासून करू. पाण्याचा संशय आहे तर पाणीच बाजूला काढू. बोट तलावाच्या कट्ट्यावर कोरडी ठेवली, बॅटरी जोडली आणि बाबांना रिमोट घ्यायला सांगितलं. सुकाणू थरथरलं. म्हणजे पाणी नव्हतं. मला बरंच वाटलं, एक कारण कमी झालं.

“बाबा, काठीवरचा अंगठा काढा.”

त्यांनी काढला. सुकाणू थांबलं.

“ठेवा.”

थरथर.

“काढा.”

थांबलं.

“ठेवा.”

असं मी चार वेळा केलं. चारदा त्यांनी निमूटपणे अंगठा ठेवला आणि काढला, आणि चारदा मी सुकाणूकडेच बघत होते. मग मी काय करतेय ते माझ्या ध्यानात आलं. मान वर केली. बाबांचा अंगठा काठीवर होता आणि पहिल्या बोटाच्या दिशेने हळूहळू, एकसारखा, घासल्यासारखा हलत होता. ही हालचाल मला पाठ होती. वर्षभर खाटेवर बसलेल्या बाबांच्या हाताची हीच हालचाल मी बघत आले होते. आता बोटांत सूत नव्हतं, आणि तरी अंगठा वळतच होता.

चाचा तोंड फिरवून देवळाकडे बघत होते.

“सापडला का फॉल्ट?” बाबांनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “रिमोटच खराब आहे. बदलून आणते.”

“नवा हाय तो,” बाबा म्हणाले. “त्याला कशाला नाव ठेवतेस.”

 तेवढ्यात चाचा बोलले. “कितनी बार बोला इनको, बेटी को बता दो. सुनतेच नहीं.”

मग बाबांनी सांगितलं. कट्ट्यावर बसून, बोटीकडे बघत, एखाद्या मोटारीचं काय झालं ते सांगावं तसं. सुरुवात दुकानात झाली होती. कॉइल भरताना तार तुटायला लागली. दिवसाला एक भरायचे तिथे तीन दिवस लागायला लागले. मग एक मोटार त्यांनी बांधून दिली, तिच्यात दोन वेढ्यांचं इन्शुलेशन खरवडलं गेलं होतं. कारखान्यात बसवली त्याच दिवशी ती पेटली. जवळचा माणूस उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी बाबांनी दुकान बंद केलं. मी दुकान मागितलं तेव्हा नको म्हणाले, कारण मी शेजारी बसले असते तर पहिल्या दिवशीच त्यांचा हात मला दिसला असता. रविवारी मी पोचेपर्यंत ते आधीच जेवलेले का असत, चहा गार होईपर्यंत का ठेवून देत, तेही मला तिथेच कळलं.

“मग मला कशाला शोधत बसवलंत?” माझा आवाज चढला होता, पण त्यात राग नव्हता. मला रडू येत होतं.

 “तू सर्व्हो बदललास तवा मला वाटलं, आता थांबंल,” बाबा म्हणाले. “रिसीव्हर बदललास तवाबी वाटलं. तू इतकी शोधतेस, म्हंजी बोटीतच काय तरी असंल. असंल तर सापडंल.”

एवढं सगळं माहीत असलेला माणूस दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून माझी वाट बघत होता, आणि मी काहीतरी बदलून आणलं की आशेने अंगठा काठीवर ठेवत होता. मी आयुष्यात देवाकडे फारसं काही मागितलेलं नाही. त्या दिवशी कट्ट्यावर बसून मागितलं, की बिघाड बोटीत निघू दे.

डॉक्टरने मज्जातंतूंचा आजार सांगितला. गोळ्यांनी थरथर कमी होईल, आजार जायचा नाही, वाढतच जाईल. मी विचारलं, कशाने वाढतं? डॉक्टर म्हणाले, “तसं आपोआपच. पण टेन्शन आलं, कुणी घाई केली, ओरडलं, की त्या वेळेपुरतं जास्त दिसतं.” बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याकडे बघू शकले नाही.

रिमोटमध्ये एक सोय असते. काठीची अगदी बारीक हालचाल त्याने मोजूच नये, असं ठरवून देता येतं. मी तसं केलं. बाबांच्या हातातही सुकाणू स्थिर झालं. बोट तलावभर सरळ रेषेत जाऊन आली. मी इतकी खूष झाले की टाळ्या वाजवल्या. बाबांनी एक फेरी मारली आणि रिमोट माझ्याकडे दिला. “चांगली चालतेय,” म्हणाले. त्यानंतर त्यांनी बोट काढली नाही. मी विचारलं की म्हणायचे, आता वेळ न्हाय भेटत.

मला वाटलं, खाट धरली असेल. चाचांना फोन केला तर ते म्हणाले, नाही, रोज बाहेर पडतात. गोळी घेतली की निघतात, दोन-अडीच तासांनी येतात. कुठे जातात ते सांगायला चाचा तयार नव्हते. “तुम खुद आके देखो.”

मी कामावर सुट्टी टाकून गेले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, मी थोडं अंतर ठेवून मागे. दोन गल्ल्या सोडून एका कारखान्यात ते शिरले. आत लूमचा खडखडाट, बोललेलं ऐकू येत नव्हतं. बाबा एका लूमपाशी वाकले. मोटारीच्या अंगावर लाल रंगाची आडवी रेघ होती. बाबांच्या दुकानातून बांधून गेलेल्या प्रत्येक मोटारीवर अशी रेघ असायची. त्यांनी उजवा हात मोटारीवर ठेवला आणि डोळे मिटून किती तापलीय ते अजमावलं. मग लूमवरच्या कारागिराच्या कानाशी जाऊन ओरडून विचारलं, “गरम होती है क्या? आवाज करती है?” कारागिराने नाही म्हणून मान हलवली. बाबा पुढच्या लूमकडे गेले. तिथली रेघ नीट दिसेना, तर त्यांनी तिथलंच वेस्ट घेऊन पुसली आणि बघितली.

त्या दिवशी तलावावर मी जे ओरडले होते, ते खरं आहे का हे बाबा तपासत फिरत होते.

बाहेर आले तेव्हा मी दारात उभी होते. मला बघून ते दचकले नाहीत.

“बाबा, मी रागात बोलले हो,” मी म्हटलं. “तुमचं काम कधीच कच्चं नव्हतं. चुकलं माझं. घरी चला.”

ते माझ्यावर रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून कागद काढला, त्यावर कारखान्यांची नावं वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलेली होती. काहींवर काट मारलेली.

“थांब बाय,” ते म्हणाले. “अजून सगल्या बघून झाल्या न्हायत.”